बघतच होते ते

आज ऑफिसात एकाने सहज म्हटलं, "चॅनल लावून कोण बघतं हो आता? म्हातारे नाहीतर आळशी." सगळे हसले. तेव्हा मी गप्प बसले, पण दिवसभर ते डोक्यातून जाईना.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला, जीभ अडखळू लागली. भावाने हौसेने मोठा टीव्ही आणला, सगळी अ‍ॅप्स असलेला. त्यांची आवडती जुनी मालिका लावून द्यायची आणि आपण कामाला लागायचं, असं चालायचं. एका दुपारी खोलीत डोकावले तर मालिका थांबलेली, पडद्यावर पाटी: 'तुम्ही अजून बघताय का?' बाबांच्या डाव्या हातात रिमोट, अंगठा भलत्याच बटणावर, आणि नजर त्या पाटीवर. किती वेळ तसे बसले होते, देव जाणे. हाक मारायला आवाज फुटत नव्हता.

अहो, बघतच होते ना ते! दुसरं काय करणार होते?

मला सांगा, साध्या चॅनलने कधी कुणाला असं विचारलंय? मनोऱ्यावरून एकदा लहर सुटली की ती एका घरात पोहोचो नाहीतर कोटभर घरांत, तिला फरक पडत नाही. कोण बघतंय, कोण झोपलंय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. अ‍ॅपवर मात्र प्रत्येकासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो, त्याला डेटा लागतो, म्हणून दर काही भागांनी हजेरी. कारण कळतं मला. पण ज्याचा हात उठत नाही त्याने हजेरी कशी द्यायची?

ठीक आहे, स्ट्रीमिंगमुळे रात्रपाळीवाल्यांची सोय झाली, जाहिरातींचा मारा कमी झाला, ऐकू न येणाऱ्यांना सबटायटल्स मिळाली. मान्य. (जाहिराती तरी कुठे सुटल्या म्हणा. २०२२ पासून नेटफ्लिक्सनेही जाहिरातींचा स्वस्त प्लॅन काढलाच.)

२००७ साली नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग सुरू झालं, त्याच वर्षी बीबीसीची आयप्लेअर ही तशीच सेवा आली. २०१३ साली नेटफ्लिक्सने एका मालिकेचे सगळे १३ भाग एकाच दिवशी सोडले आणि पुढच्या भागाची वाट बघणंच संपलं. तेव्हापासून 'हवं तेव्हा, हवं ते' याचं कौतुक ऐकतोय आपण. पण हवं काय, हे रोज ठरवायचं कुणी? दमून घरी आल्यावर अर्धा तास नुसती पोस्टरं सरकवत बसता की नाही? बाबांना तर 'हे नको, ते लाव' एवढंही सांगता येत नव्हतं.

शेवटी आम्ही त्यांना साधं चॅनल लावून दिलं. सकाळी भजन, मग बातम्या, दुपारी जुना सिनेमा, संध्याकाळी पुन्हा बातम्या. आपोआप एकामागून एक. संध्याकाळच्या बातम्यांची धून वाजली की बाबा उशीवर सरकून बसायला बघायचे. संध्याकाळ झाली हे त्यांना त्या धूनवरून कळायचं. आवडीचं असायचंच असं नाही, बऱ्याचदा रटाळच असायचं. पण कुणीतरी बोलत असायचं खोलीत. हे लिहिताना आत्ताही तो आवाज कानात येतोय.

आणि ही गरज कंपन्यांना ठाऊक नाही असं समजू नका. २०२० साली नेटफ्लिक्सने फ्रान्समध्ये चक्क वेळापत्रकाप्रमाणे चालणारं चॅनल करून पाहिलं. २०२१ साली 'काहीही लावा' अशा अर्थाचं बटण आणलं, नंतर काढूनही टाकलं. म्हणजे निवडायचा कंटाळा येतो हे त्यांनाही कळतं, फक्त अंथरुणाला खिळलेला माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नसतो.

मला एकच बटण हवंय. एकदा दाबलं की चालू, आणि घरातलं कुणी येऊन बंद करेपर्यंत चालूच. मध्ये काही विचारायचं नाही. ते येईपर्यंत घरातलं चॅनलचं कनेक्शन मी काढणार नाही, कुणी कितीही हसो.