‘सरकारनं फक्त बाजूला व्हावं’ हे म्हणणं कुठे कुठे गळतं

उद्योजकतेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरत फिरत येतो. मूळ कुणाचा ते कुणालाच ठाऊक नसतं आणि शब्दही थोडेफार बदलतात, पण गाभा हाच: ‘मोठे शोध गॅरेजमध्ये लागतात, मंत्रालयात नाही. नियम जितके कमी, तितके उद्योजक जास्त. फार तर कर माफ करा. सरकारला विजेते ओळखता येत नाहीत, आणि एकदा आत शिरलं की ते बाहेर निघत नाही. उद्योजक सरकारमुळे नाही, सरकार असूनही घडतात.’

वाचताना मान आपोआप डोलते. एकच दाखला तीन खिडक्यांवर ज्यानं दिलाय त्याला हे पटणारच. मलाही यातलं एक वाक्य बरंचसं पटतं. त्याच्याकडे शेवटी येतो. बाकीची मात्र तपासली की गळायला लागतात.

‘मोठे शोध गॅरेजमध्ये लागतात’

गॅरेज खोटं नाही. गूगल कंपनी १९९८ मध्ये मेन्लो पार्कमधल्या भाड्याच्या गॅरेजमध्येच सुरू झाली. प्रश्न असा की त्या गॅरेजमध्ये शिरताना हातात काय होतं? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डमध्ये संशोधन करत होते ते डिजिटल ग्रंथालयांच्या एका प्रकल्पात, आणि त्याला पैसा होता अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा. वेबपानांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर निघालं. इंटरनेटच्या ज्या जाळ्यात ही शोधाशोध करायची, त्याची सुरुवात १९६९ च्या अर्पानेटमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या पैशातून झालेली. गॅरेजमध्ये कंपनी जन्मली. त्याआधीची वर्षं, जेव्हा यातून पैसा मिळेल की नाही हे कुणीच सांगू शकत नव्हतं, ती दुसऱ्या कुणीतरी पोसली होती.

यावर लगेच उत्तर येतं: ‘ठीक आहे, मूलभूत संशोधन सरकारनं करावं, पुढचं बाजारावर सोडावं.’ पण ‘पुढचं’ म्हणजे नेमकं कुठून? इंटिग्रेटेड सर्किटची, म्हणजे आपण ज्याला चिप म्हणतो तिची गोष्ट बघा. १९६२ मध्ये अमेरिकेत बनणारी ही सर्किटं जवळपास सगळीच सरकारी कामांसाठी जात: मिनिटमन क्षेपणास्त्र आणि अपोलो यानाचा संगणक. एका सर्किटची सरासरी किंमत होती ५० डॉलर. त्या किमतीला कुठला रेडिओवाला किंवा कॅल्क्युलेटरवाला ती घेणार होता? १९६८ पर्यंत किंमत २.३३ डॉलरवर आली आणि सरकारी खरेदीचा वाटा ३७ टक्क्यांवर उतरला. कारखान्यांचा हात बसला तो सरकारी ऑर्डरींवर; मग खासगी गिऱ्हाईक आलं. यात अनुदान हा मुख्य भाग नव्हताच. सरकार इथे गिऱ्हाईक होतं, तेही कटकटं: खराब माल परत पाठवणारं आणि चांगल्याला पूर्ण दाम मोजणारं.

माझ्या मते सगळ्या धोरणचर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहते ती ही खरेदी. नव्या कंपनीला गुंतवणूकदार मिळणं अवघड असतं, पण पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळणं त्याहून अवघड. आणि बहुतेक सरकारी निविदांमध्ये अट काय असते? अमुक वर्षांचा अनुभव, तमुक उलाढाल. नव्याला दार तिथेच बंद. अमेरिकेत १९८२ पासून लहान कंपन्यांच्या संशोधनासाठी एक योजना आहे. बाहेर संशोधन करून घेणाऱ्या मोठ्या खात्यांना आपल्या त्या खर्चाचा ठरावीक वाटा, २०१७ पासून ३.२ टक्के, लहान कंपन्यांसाठी राखावा लागतो. आधी थोडे पैसे, कल्पना चालते का हे दाखवण्यापुरते. दाखवलं तर जास्त. मालकीत हिस्सा मागितला जात नाही. मोबाइलच्या चिप बनवणारी क्वालकॉम लहान होती तेव्हा तिनं या योजनेतून पैसे घेतले होते.

‘नियम कमी, उद्योजक जास्त’

हे इतकं सरळ असतं तर जागतिक बँकेची व्यवसाय-सुलभतेची यादी हीच नवनिर्मितीचीही यादी ठरली असती. २०२० च्या अहवालात जॉर्जिया हा देश सातव्या क्रमांकावर होता आणि जर्मनी बाविसाव्या. जॉर्जियानं कागदपत्रं कमी केली हे चांगलंच केलं, पण यंत्रं आणि रसायनं यांतल्या नव्या कल्पना जग कुठून घेतं हे कुणाला सांगायला नको. (हा अहवाल पुढे आकड्यांतल्या गडबडींमुळे २०२१ मध्ये बंदच झाला, तो भाग वेगळा.)

मुळात चूक आहे ती नियम म्हणजे फक्त अडथळा असं धरून चालण्यात. काही नियम असे असतात की ते नसतील तर उद्योजक निघतच नाहीत. ‘नोकरी सोडल्यावर याच क्षेत्रात काम करणार नाही’ असं कर्मचाऱ्याकडून लिहून घेतलं, तरी कॅलिफोर्नियात १८७२ पासून ते कायद्यानं रद्दबातल आहे. १९५७ मध्ये ट्रान्झिस्टरच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या विल्यम शॉकली यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतून आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. १९६८ मध्ये त्यांच्यातलेच नॉइस आणि मूर तिथूनही निघाले आणि त्यांनी इंटेल सुरू केली. एका कलमातून सिलिकॉन व्हॅली उगवली असं मी म्हणत नाही. पण मालकाला त्या आठ जणांना असल्या करारात अडकवता आलं असतं, तर ही साखळी कुठे तुटली असती याचा विचार करावा.

शिवाय नियम काय एकटं सरकारच करतं? अमेरिकेत १९६८ पर्यंत टेलिफोनच्या तारेला बाहेरचं कुठलंही उपकरण जोडायला बंदी होती, आणि ती बंदी होती मक्तेदार फोन कंपनीची. कार्टरफोन नावाच्या अशाच एका बाहेरच्या उपकरणाच्या प्रकरणात सरकारी दूरसंचार आयोगानं ती मोडून काढली. मग उत्तरयंत्रं, फॅक्स, मोडेम बनवणाऱ्या लहान कंपन्यांना वाट मिळाली. तिथे सरकार बाजूला झालं असतं, तर वाटेत फोन कंपनी उभी राहिलीच असती.

आणि पडण्याची भीती? तिचाही बंदोबस्त कायदाच करतो. धंदा बुडाला तर घरदार जाणार नाही ही मर्यादित दायित्वाची सोय ब्रिटनमध्ये १८५५ च्या कायद्यानं आली. स्वीडनमध्ये १९९८ पासून नोकरदाराला स्वतःचा व्यवसाय करून बघण्यासाठी सहा महिने बिनपगारी रजेचा हक्क आहे. जमलं नाही तर परत जागेवर. फ्रान्सनं या शतकाच्या सुरुवातीला बेरोजगारांना धंदा काढल्यावरही भत्त्याचं संरक्षण दिलं, तेव्हा नव्या कंपन्यांची संख्या वाढली, आणि आधीच्यांपेक्षा त्या कच्च्या निघतील ही भीती काही खरी ठरली नाही. हा खर्च ‘उद्योग धोरण’ या मथळ्याखाली कुणी लिहीत नाही.

‘फार तर कर माफ करा’

याला फार वेळ देत नाही. ज्या कंपनीला पहिली चार वर्षं नफाच होणार नाही, तिला नफ्यावरचा कर माफ करून काय मिळतं? फायदा होतो तो आधीच कमावणाऱ्यांना. म्हणून नॉर्वेनं २००२ मध्ये संशोधनावरची सवलत अशी आखली की कर देणं नसेल तर तेवढी रक्कम रोख हातात पडते. कॅनडातही लहान कंपन्यांना असा परतावा मिळतो. सवलत ‘करात’ आहे की ‘हातात’, यावरच तिचं सारं मोल ठरतं.

‘सरकारला विजेते ओळखता येत नाहीत’

इथे सोलिंड्राचं नाव येणारच. सौरपट्ट्या बनवणाऱ्या या कंपनीला अमेरिकी सरकारनं ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली, सिलिकॉनचे भाव कोसळून प्रतिस्पर्ध्यांच्या सिलिकॉनच्या पट्ट्या स्वस्त झाल्या आणि सप्टेंबर २०११ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पैसे गेले. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ऊर्जा खात्याच्या त्याच कर्ज कार्यालयानं २०१० मध्ये टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर दिले आणि २०१३ मध्ये ते मुदतीच्या कितीतरी आधी व्याजासकट परत आले. फिरणाऱ्या मजकुरात पहिलं असतं, दुसरं नसतं.

नव्या कंपन्यांत पैसे लावणारे खासगी जोखीम-भांडवलदारही बहुतेक वेळा चुकतात. पण त्यांची एक गुंतवणूक बाकीच्या सगळ्यांचं नुकसान भरून काढते. सरकारचं काय झालं? सोलिंड्राचं नुकसान पूर्ण सोसलं आणि टेस्लाकडून मुद्दल नि व्याज तेवढं मिळालं. तिचा भाव पुढे कुठल्या कुठे गेला, त्यात वाटा नाही. म्हणजे दोष निवडीत जेवढा, त्याहून जास्त करारात होता. विजेता ओळखता येत नसेल तर एकावर सगळं लावू नये, आणि ओळखायचं काम ज्याचे स्वतःचे पैसे अडकलेत त्याच्याकडे द्यावं.

‘आत शिरलं की बाहेर निघत नाही’

हेच ते मला पटणारं वाक्य. अनुदानाभोवती जगणारे हितसंबंध तयार होतात. मग योजनेचं कारण संपतं, योजना संपत नाही. पण यावरचा उपाय शिरूच नये हा नाही, शिरताना दाराची जागा आखून ठेवावी हा आहे. इस्रायलनं हे दोनदा केलं, एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर, तेही लागोपाठ.

१९९२ मध्ये तिथे ‘इनबल’ नावाची योजना आली. शेअर बाजारात नोंदलेल्या जोखीम-भांडवल फंडांना सरकारनं ७० टक्क्यांपर्यंत हमी दिली, म्हणजे बुडालात तर आम्ही आहोत. हमी मिळाल्यावर चांगली कंपनी शोधायची घाई कुणाला? योजना फसली.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, सरकारचे मुख्य वैज्ञानिक यिगाल एर्लिक यांच्या पुढाकारानं ‘योझ्मा’ सुरू झाली. एकूण १० कोटी डॉलर. त्यातले प्रत्येकी सुमारे ८० लाख दहा फंडांत. प्रत्येक फंडात सरकारचा वाटा साधारण ४० टक्के, बाकी खासगी. सोबत अनुभवी परदेशी भागीदार हवाच, ही अट. कारण तिथल्या लोकांकडे तंत्रज्ञान होतं, पण कंपनी वाढवायची कशी आणि विकायची कुठे हे ठाऊक असलेले कमी होते. बुडाल्यास हमी नाही. उलट नफा दिसला तर पाच वर्षांच्या आत सरकारचा हिस्सा मूळ किंमत आणि व्याज देऊन विकत घ्यायची मुभा. इनबलनं नुकसानीची बाजू झाकली होती, योझ्मानं फायद्याची बाजू मोकळी सोडली. पैसा तोच, करदात्याचा.

दहापैकी आठ फंडांनी ती मुभा वापरली आणि सरकारला पैसे देऊन बाहेर काढलं. योझ्माचा स्वतःचा, थेट गुंतवणूक करणारा फंड उरला होता. तोही सरकारनं १९९७ मध्ये विकून टाकला.