‘गिटार सगळ्यांना जमत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परीक्षा संपल्या आणि ‘मुलांना गिटारच्या क्लासला घालण्याआधी हे वाचा’ हा मेसेज पुन्हा फिरायला लागला. मला तो घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून आला, ऐरोलीच्या एका पालकांनी पाठवला, आणि माझ्याकडे शिकणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी खाली ‘सर, हे खरं आहे का?’ असं लिहून पाठवला. त्यातले मुद्दे थोडक्यात असे. आधी स्वस्तात स्वस्त गिटार घ्या, मूल टिकलं तर चांगली घेऊन द्या. बोटं सोलून रक्त आल्याशिवाय हात बसत नाही. बोटं आखूड किंवा जाड असतील तर नाद सोडा. दहा वर्षांच्या आत सुरुवात झाली नाही तर उपयोग नाही. आपली गाणी गिटारवर बसत नाहीत, आधी पाश्चात्त्य नोटेशन शिकावं लागतं. आणि रोज दोन तास देता येत नसतील तर फी वाया घालवू नका.

मी ठाण्याच्या नौपाड्यात नवशिक्यांना गिटार शिकवतो. असल्या गोष्टी वाचून बऱ्यापैकी शिकत असलेली माणसं मधेच थांबतात, हे डोळ्यांनी बघतोय. म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देतो.

सुरुवात स्वस्त गिटारीपासून, कारण बाकीच्या निम्म्या गैरसमजांचं मूळ तिथेच आहे. या सल्ल्यामागची काळजी मला कळते. दहा हजारांची गिटार महिन्याभरात कपाटावर जाऊन बसली, असं पुष्कळ घरांत झालंय. पण गेल्या महिन्यात वर्तकनगरहून एक आई त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा तीन महिने घरीच व्हिडिओ बघून शिकत होता. आई म्हणाल्या, “सर, याच्या बोटांत जोरच नाहीये. तुम्ही एकदा बघा, नाहीतर बंदच करू.” गिटार ऑनलाइन मागवलेली, तीन हजारांच्या आतली. मी स्टीलची पट्टी काढली. कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी इथे चालत नाही, तिच्यात शून्याच्या आधी कोरी जागा असते. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या कांबीवर, पट्टी उभी धरली, तर सगळ्यात जाड तार फ्रेटपासून साडेचार मिलिमीटर वर होती. अकूस्टिक गिटारला ती अडीचच्या आसपास असावी, तीनपर्यंत चालून जातं. मी माझी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि ई मायनर ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे ठरावीक सूर, धरायला सांगितलं. सहाच्या सहा तारा स्वच्छ वाजल्या. आईंनी विचारलं, “मग इतके दिवस काय होत होतं रे?” तो काही बोलला नाही, नुसता डाव्या हाताची बोटं अंगठ्याने चोळत बसला.

तारांची ही उंची, जिला आम्ही ॲक्शन म्हणतो, जास्त असली की दोन गोष्टी होतात. तार खाली टेकवायला जोर जास्त लागतो, हे उघड आहे. दुसरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही: तार जितकी लांब दाबत न्यावी लागते तितकी ती ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणजे ट्यूनरवर सगळं बरोबर लावलेलं असूनही कॉर्ड धरली की बेसुरी. मूल कॉर्ड बरोबर धरतं, कानाला मात्र चुकीचं ऐकू येतं, आणि त्याला वाटतं की आपल्याला सूरच कळत नाही. तीन महिने रोज हे ऐकलेल्या मुलाला ‘तुझा कान चांगला आहे’ हे पटवून द्यायला मला फार वेळ लागतो.

म्हणून दुकानात गेलात तर किमतीच्या चिठ्ठीआधी हे बघा. तार तिसऱ्या फ्रेटजवळ दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर वाकून बघा. तार आणि फ्रेट यांच्यात एखादा कागद जाईल एवढीच फट हवी. जास्त असेल तर नटच्या, म्हणजे वरच्या टोकाच्या पांढऱ्या पट्टीच्या, खाचा नीट कापलेल्या नाहीत. स्वस्त गिटारींत हा दोष फार सापडतो आणि त्याचा सगळा मार पहिल्या दोन-तीन फ्रेटवर बसतो. नवशिक्याच्या सगळ्या कॉर्ड्स तिथेच असतात. मग बाराव्या फ्रेटची उंची मोजा. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा आणि कुठे खरखर येते का ते ऐका. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा.

जुनी किंवा स्वस्त गिटार घरात असेल तर ती टाकूनच द्यायला हवी असंही नाही. कारागिराकडून सेटअप करून घ्या. तो नटच्या खाचा उतरवतो, मानेच्या आतली लोखंडी सळई पिळून मान सरळ करतो, ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, खालून घासतो. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं, त्यामुळे याला मर्यादा आहे. मानच चुकीच्या कोनात बसवलेली असेल तर काही करता येत नाही, आणि प्रामाणिक कारागीर ते तोंडावर सांगतो.

आपल्याकडच्या पावसाळ्याचंही इथेच सांगतो. अकूस्टिक गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या ठाण्यात हवा कशी असते, ते भिंतींवरची ओल बघून कळतं. लाकूड पाणी ओढून फुगतं, वरची फळी ब्रिजपाशी उचलली जाते आणि तिच्याबरोबर तारा वर जातात. मे महिन्यात छान वाजवणारी मुलं ऑगस्टमध्ये ‘सर, मला आता जमत नाही’ म्हणत येतात. त्यांची बोटं तीच असतात, गिटार बदललेली असते. बाहेरच्या भिंतीवर खिळ्याला गिटार टांगू नका. पावसाळ्यात ती बॅगेत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या टाका, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. गंजलेली तार बोट सोलते. तिचा आणि मेहनतीचा काही संबंध नाही.

इथून रक्ताच्या मुद्द्यावर येतो. पहिले काही दिवस बोटांची टोकं दुखतात, हे खरं आहे. दोन ते चार आठवड्यांत तिथली कातडी घट्ट होते आणि दुखणं थांबतं. रक्त मात्र येता कामा नये. सोललेल्या बोटाला चार-पाच दिवस विश्रांती द्यावी लागते, तोवर तयार होत आलेली घट्ट कातडीही निघून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बहुतेक नवशिके गरजेच्या दुप्पट जोर लावतात. एक प्रयोग करून बघा. बोट फ्रेटच्या अगदी मागे, जवळजवळ चिकटून ठेवा. तार वाजवत राहा आणि जोर हळूहळू कमी करत न्या. खरखर सुरू झाली की किंचित वाढवा. तेवढाच जोर पुरतो, आणि तो किती कमी आहे हे कळल्यावर मोठी माणसंसुद्धा चकित होतात. शिवाय बाराच्या तारा (पहिली तार ०.०१२ इंच जाड) काढून दहाच्या (०.०१० इंच) लावा. पहिली तार ०.३० मिलिमीटरची ०.२५ झाली की तिचा ताण सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. आवाज थोडा बारीक होतो, पण पहिल्या वर्षी ते चालेल. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार तर याहून मऊ. या तारा १९४० च्या दशकात आल्या, त्याआधी आतड्याच्या असायच्या. बोटांना त्रास देणाऱ्या पोलादी ताराच खऱ्या, असा काही नियम नाही.

बोटं आखूड, बोटं जाड. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो वाचून माणूस स्वतःच्या हाताकडे बघायला लागतो. जँगो राइनहार्ट अठरा वर्षांचा असताना, १९२८ मध्ये, त्याच्या गाडीघराला आग लागली. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका जवळपास निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने सोलो वाजवले आणि तो युरोपातल्या जॅझचा सर्वांत मोठा गिटारवादक ठरला. बर्मिंगहॅमचा रॉक गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावून बसला. तो डावखुरा, त्यामुळे फ्रेटवरचा हात नेमका तोच. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला. जाड बोटं शेजारच्या तारेला लागत असतील तर रुंद मानेची गिटार घ्या. नेहमीच्या अकूस्टिकची मान नटपाशी साधारण ४३ मिलिमीटर असते, क्लासिकलची ५२ च्या आसपास. हात लहान असेल तर पाऊण आकाराची मिळते. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर मोठ्या माणसाची गिटार ठेवायची आणि बोटं आखूड म्हणायचं, हे बरोबर नाही.

आणि एफ ही कॉर्ड येत नाही म्हणून रडू नका. पहिल्या फ्रेटवर आख्खं बोट आडवं टाकणं सगळ्यात जड, कारण तिथे नट लागूनच असतो. आधी चारच तारांचा छोटा एफ धरा. मोठा सवडीने येईल.

वयाबद्दल फार लिहायची गरज नाही. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी सहा तारांच्या गिटारीकडे वळला तेव्हा विशीला टेकला होता. कळव्याहून माझ्याकडे येणारे एक काका निवृत्त झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी आले. लहान मुलांचा हात लवकर वळतो. मोठ्यांना मात्र ‘हे असं का’ हे एकदा सांगितलं की कळतं, आणि कोणी जबरदस्तीने पाठवलेलं नसतं.

आता आपल्या गाण्यांचा मुद्दा. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये मराठी-हिंदी गाण्यांत कित्येक दशकं गिटार वाजते आहे, तिथे गोव्याच्या वादकांनी आयुष्यं घालवली, आणि तरीही आपली गाणी गिटारवर बसत नाहीत म्हणायचं? नोटेशन चांगलंच, पुढे जरूर शिका. पण ज्या घरात पेटी आहे, त्या घरातल्या मुलाला अर्धं गणित आधीच येत असतं. पांढरी एक म्हणजे सी. काळी एक म्हणजे सी शार्प. पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प. काळ्या-पांढऱ्या सगळ्या ओळीने मोजल्या तर पेटीची एक पट्टी म्हणजे गिटारचा एक फ्रेट. त्यामुळे आई काळी चारमध्ये गात असेल तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावा आणि जी, सी, डी, ई मायनर याच सोप्या कॉर्ड्स वाजवा. काळी पाच असेल तर कॅपो तिसऱ्यावर, बोटं तीच. बाबा काळी एकमध्ये गात असतील तर चौथ्या फ्रेटवर कॅपो आणि ए, डी, ई. एकही आडवं बोट नको.

गेल्या गणपतीत पाचपाखाडीच्या एका सोसायटीत माझी एक विद्यार्थिनी गिटार घेऊन आरतीला उभी राहिली. आरती कोण कुठल्या पट्टीत उचलेल याचा नेम नसतो. पहिली ओळ होईपर्यंत ती गप्प राहिली, एका तारेवर हळूच सा शोधला, कॅपो दुसऱ्यावरून तिसऱ्यावर सरकवला आणि दुसऱ्या ओळीला टाळांबरोबर शिरली. नऊ महिन्यांचं शिक्षण होतं. नोटेशनचा एक कागद तिने तोवर पाहिलेला नव्हता.

एक मर्यादा मान्य करतो. मींड आणि आंदोलनावर उभ्या असलेल्या रागदारीच्या चीजेवर कॉर्ड्स लादल्या तर गाणं बिघडतं. तिथे गंधार सोडून नुसता षड्ज-पंचम धरा: पाचवी तार मोकळी, चौथी दुसऱ्या फ्रेटवर. तानपुऱ्यासारखी साथ होते आणि गाणाऱ्याला मोकळीक राहते.

राहिले दोन तास. ठाणे-वाशी लोकलने रोज जा-ये करणाऱ्या माणसाला दोन तास सांगणं म्हणजे सुरूच करू नको म्हणणं. रोजची पंधरा मिनिटं रविवारच्या दोन तासांपेक्षा जास्त देतात, कारण हाताची सवय एका बैठकीत लागत नाही, ती रोजच्या बसण्याने मुरते. पाच मिनिटं कॉर्ड बदलणं, पाच मिनिटं उजव्या हाताचा ताल, पाच मिनिटं आवडीचं गाणं. गिटार बॅगेत बंद न ठेवता, पाऊस नसेल तेव्हा, सोफ्याशेजारी स्टँडवर उभी ठेवा. त्या बँकेतल्या ताई डबा भरून झाल्यावर निघायच्या आधी पंधरा मिनिटं बसतात. सात महिने झाले, चार गाणी पूर्ण येतात.

वर्तकनगरच्या त्या मुलाची गिटार कारागिराने साडेचारवरून तीनवर आणली, दहाच्या तारा लावल्या. मी त्याला एक वही दिली आहे. घड्याळ लावून एका मिनिटात जीवरून सीवर किती वेळा स्वच्छ जाता येतं, तो आकडा रोज लिहायचा. पहिल्या पानावर सात आहे. या रविवारी तो दार उघडण्याच्या आधीच जिन्यातून ओरडला, “सर, एकवीस!”