सर्कशीच्या तंबूवरचा तो मेसेज ग्रुपवरून काढा

चार दिवसापासून एक मेसेज फिरून राहिला. सिनेमात सर्कस घेतात कारण डायरेक्टरकडे स्टोरी नसते, सर्कस इंग्रजांची, असे सिनेमे पडतातच, आणि सर्कसवाले लेकरं पळवतात हे सिनेमावाले लपवतात. काल तो मोठ्या आईच्या मोबाईलवर आला अन् बाजाराच्या मैदानातल्या तंबूत नातवाला पाठवायला ती नाहीच म्हणाली. म्हणून लिहून राहिलो.

लेकरांचं आधी. सर्कशीत लहान पोरं राबवली, काहींना फसवून आणलं, हे खरं आहे, नाकारत नाही. म्हणूनच २०११ ला सुप्रीम कोर्टानं सर्कशीत मुलं ठेवायला बंदी घातली. पण तो राबवणाऱ्यांचा गुन्हा. त्यावरून दोरीवर चालणारा माणूस तुमच्या दारातून लेकरू उचलते हे कुठून काढलं, राजेहो? २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला याच अफवेनं ५ जणांना लोकांनी मारून टाकलं, भिक्षा मागून जगणारे डवरी गोसावी होते ते. आपल्याकडे पण डोंबारी येतात, बहुरूपी येतात, उद्या त्यांना कोणी घेरलं तर फॉरवर्ड करणारे सोडवायला जाणार आहेत का?

अन् लपवतात म्हणे. मल्याळम डायरेक्टर अरविंदन यांचा १९७८ चा 'थंपू' पाहा, थंपू म्हणजे तंबूच. खरी सर्कस नदीकाठच्या गावात नेली, तिथल्या कित्येकांनी सर्कस कधी पाहिलीच नव्हती, आधी सगळे कॅमेऱ्याकडेच पाहत होते पण खेळ सुरू झाला अन् कॅमेरा विसरले, तेव्हाचे ते चेहरे टिपले. असे चेहरे शिकवून येत नाही बाप्पा, सर्कस त्याच्यासाठी घेतली. आणि खेळाबाहेरचे कलाकारांचे थकलेले, उदास चेहरे पण त्यातच आहेत, काहीच झाकलं नाही. बेस्ट डायरेक्टरचा नॅशनल अवॉर्ड मिळाला त्यांना.

इंग्रजांची म्हणाल तर बाहेरची सर्कस पाहूनच, पण १८८० ला आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी स्वतःची उभी केली, सांगलीकडचा माणूस. 'मेरा नाम जोकर' १९७० ला पडला, मान्य. चॅप्लिनचा १९२८ चा 'द सर्कस' मात्र जोरात चालला.

तंबू रविवारपर्यंत आहे. ज्यानं टाकला त्यानं मेसेज आजच काढा. नातवाला घेऊन मी स्वतः जातो, मोठ्या आईला पण नेतो.