दोनशे बासष्टचा ताळेबंद

डॉक्टरांनी मला रोज पाऊण तास चालायला सांगितलंय. मुलीकडे, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला आल्यापासून मी ते इमानेइतबारे पाळतो, फक्त चौथ्या घरापाशी अडकतो. तिथे ओटीवर दोन म्हातारे बसलेले असतात. एकाच्या डोक्यावर कायम टोपी, दुसऱ्याच्या पायाशी कायम कुत्रा. नावं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. मी तीनदा ‘पार्डन’ म्हणालो, चौथ्यांदा लाज वाटली. तेव्हापासून माझ्यापुरते ते टोपीवाले आणि कुत्रेवाले.

त्यांचा वाद एकच: मायनर लीग बेसबॉलमध्ये कुठल्या पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा, सीझन सगळ्यात भारी? पंच म्हणून मला बसवलं, कारण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. याच पात्रतेवर मला एकदा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीही केलं होतं.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. आमच्याकडे मायनर म्हणजे अज्ञान खातेदार, पालकाच्या सहीशिवाय पैसा निघत नाही. त्यामुळे पहिला आठवडाभर मला वाटत होतं, हे दोन सत्तरीचे गृहस्थ शाळकरी पोरांच्या मॅचवरून एकमेकांची आयमाय उद्धरताहेत. मग कळलं, की मोठ्या लीगच्या खाली इथे १२० संघांची उतरंड आहे आणि आमच्या गावचे डरहॅम बुल्स तिच्या वरच्याच मडक्यात, म्हणजे ट्रिपल-एमध्ये आहेत. त्यांच्या मैदानात एक मोठा बैल उभा आहे. चेंडू मारून बैलाला लागला तर बक्षीस स्टेक आणि त्याच्या पायाखालच्या गवताला लागला तर सॅलड, असं तिथे लिहिलंय. आमच्या हिला तो गवताचा भाग फार पटला.

टोपीवाल्यांचा माणूस ड्वाइट गुडन. १९८३ साली, लिंचबर्ग संघ, १९ सामने जिंकले, ४ हरले, १९१ इनिंगांत ३०० स्ट्राइकआउट. फलंदाजाने तीन चेंडू (म्हणजे तीन स्ट्राइक) वाया घालवले की तो बाद, तो स्ट्राइकआउट; आणि तिघे बाद झाले की इनिंग संपली. वय अठरा. (म्हणजे नुकताच सज्ञान, मी मनात नोंद केली.) पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्क मेट्सकडून खेळला आणि नवोदितांमधला सर्वोत्तम ठरला. “लिंचबर्ग आणि डरहॅम तेव्हा एकाच लीगमध्ये. मी जुन्या मैदानावर त्याला या डोळ्यांनी पाहिलाय,” टोपीवाले सांगतात. दर वेळी त्यांची सीट एक रांग पुढे सरकते. आता ते जवळजवळ कॅचरच्या मांडीवर बसतात.

कुत्रेवाले रॉन नेचायचे. १३ मे १९५२, ब्रिस्टल. हे गाव व्हर्जिनिया आणि टेनेसीच्या सीमेवर, मुख्य रस्त्याच्या मधूनच राज्य बदलतं. हे ऐकून मला बेसबॉल पहिल्यांदा आपला वाटला. मी आशेने विचारलं, “आंदोलन?” नाही म्हणाले. तर त्या दिवशी एकोणीस वर्षांच्या या पोराने, पोटातल्या अल्सरसकट, नऊ इनिंगांत २७ स्ट्राइकआउट काढले. सत्तावीस म्हणजे सगळेच्या सगळे!

“पण एक जण जमिनीवर चेंडू मारून बाद झाला म्हणे,” टोपीवाले म्हणाले.

इथे माझ्यातला अकाउंटंट जागा झाला. बाद करायचे एकूण २७. त्यातला एक भलत्याच खात्यात. मग स्ट्राइकआउट २६ हवेत. फरक एकचा! एक रुपयाच्या फरकापायी आम्ही मार्च अखेरीला रात्री अकरापर्यंत थांबलेलो आहोत. मी म्हटलं, खुलासा झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कुत्र्यानेही मान वर केली.

खुलासा असा: तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला, तर फलंदाज पहिल्या बेसकडे पळू शकतो. पोचला तर तो बाद नाही, पण पिचरच्या नावावर स्ट्राइकआउट जमा. त्यामुळे नवव्या इनिंगमध्ये नेचायने तिघांऐवजी चौघांना स्ट्राइकआउट केलं. हिशोब जुळला. मला इतकं समाधान झालं, की मी दोघांशी हस्तांदोलन केलं.

पुढे त्याला पिट्सबर्गने वर नेलं आणि तिथे १ विजय, ६ पराभव. शाखेत वाघ असलेले किती जण हेड ऑफिसात गेल्यावर जावक क्लार्क झालेले मी पाहिलेत.

शेवटी निकाल मागितला. मी म्हणालो, “स्टीव्ह डॅल्कोव्स्की.”

हे नाव त्यांच्याच तोंडून चेष्टेत ऐकलेलं. १९६०, स्टॉकटन संघ, १७० इनिंगांत २६२ स्ट्राइकआउट आणि २६२ वॉक. चार चेंडू वाकडे पडले की फलंदाज चालत फुकटात बेस घेतो, तो वॉक. जमा २६२, नावे २६२! असा ताळेबंद मला उभ्या नोकरीत जमला नाही. वेग असा, की तो मोजायला त्याला लष्कराच्या यंत्रापुढे उभं केलं, तर चेंडू यंत्राच्या टप्प्यात येईपर्यंतच सगळे ताटकळले. १९६३ मध्ये मोठ्या संघाच्या उंबऱ्यावर आला आणि सरावाच्या मोसमातच हाताचं कोपर गेलं. वरच्या लीगमध्ये एक चेंडूही टाकला नाही.

आयुष्यात पहिल्यांदा ते दोघे एका बाजूला झाले, म्हणजे माझ्या विरुद्ध. ते ओरडत असताना मला मात्र मुंबईचे गोलंदाज पद्माकर शिवलकर दिसत होते. १९७२-७३ च्या रणजी फायनलमध्ये तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८, मग १८ धावांत ५. प्रथम श्रेणीचे ५८९ बळी आणि कसोटी शून्य, कारण बेदी. मी हे सगळं त्या ओटीवर सांगितलं, अगदी बेदीसकट.

दोघे गप्प. मग टोपीवाल्यांनी आदराने विचारलं, “वेग किती?”

“वेग नाही. स्पिन. सावकाश टाकायचे.”

“सावकाश,” कुत्रेवाले कुत्र्याला म्हणाले.

तेवढ्यात फाटकाशी आमची ही. “अहो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय की बसायला? उठा, वॉकला चला!”

तिच्या मराठीतला एकच शब्द टोपीवाल्यांना कळला. त्यांनी हळूच टोपी वर केली.

“२६३,” ते म्हणाले.