पृथ्वी दूर गेली म्हणून जुलैत गारठा पडत नाही

जुलै लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो. उद्या पहाटे 5 वाजून 27 मिनिटांनी ‘अफेलियन’ होणार. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं नेहमीचं अंतर 5 प्रकाशमिनिटं, म्हणजे 9 कोटी किलोमीटर. ते आता 15 कोटी 20 लाख होणार, म्हणजे 66 टक्के वाढणार. त्यामुळे ऑगस्टपर्यंत कधी नव्हे एवढी थंडी पडेल, सर्दी-खोकला, ताप, धाप असे त्रास होतील, म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन प्रतिकारशक्ती वाढवा. लोक तो काळजीपोटीच पुढे पाठवतात. शिवाय त्या दिवसांत बाहेर खरंच गार असतं, म्हणून तो पटतोही.

आधी अंतराचं बघू. 15 कोटी 20 लाख हा आकडा बरोबर आहे. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते, त्याला अपसूर्य स्थिती, म्हणजेच मेसेजमधलं ‘अफेलियन’ म्हणतात, आणि तेव्हाचं अंतर साधारण 15 कोटी 21 लाख किलोमीटर असतं. खोटा आहे तो ‘नेहमीचा’ आकडा. पृथ्वीचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर 14 कोटी 96 लाख किलोमीटर आहे आणि सूर्यप्रकाशाला इथवर यायला 5 नव्हे, 8 मिनिटं 19 सेकंद लागतात. सूर्यापासून 9 कोटी किलोमीटरवर गेलो तर आपण शुक्राच्या कक्षेच्याही आत असू आणि आताच्या पावणेतीन पट ऊन सोसत असू. मेसेजचं गणितही जुळत नाही: 9 कोटींवरून 15 कोटी 20 लाख म्हणजे 66 नव्हे, 69 टक्के वाढ. प्रत्यक्षात सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दूरच्या अंतरात 50 लाख किलोमीटरचा, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्क्यांचा फरक पडतो.

पहाटे 5.27 ही वेळही दर वर्षी तीच, आणि तारीख कायम ‘उद्या’. भारतीय वेळेनुसार ही स्थिती 2023 मध्ये 7 जुलैला आली, 2024 मध्ये 5 जुलैला आणि 2025 मध्ये 4 जुलैला. शिवाय तो एक क्षण असतो. ऑगस्टपर्यंत मुक्काम ठोकणारं ते काही संकट नव्हे. त्या क्षणानंतर पृथ्वी पुन्हा सूर्याच्या जवळ सरकू लागते.

आता मुख्य दावा: दूर गेलो म्हणून थंडी. अंतरामुळे फरक पडतो, हे नाकारायचं कारण नाही. वातावरणाच्या माथ्यावर सूर्यासमोर धरलेल्या एका चौरस मीटरवर जानेवारीच्या सुरुवातीला साधारण 1408 वॅट ऊर्जा पोचते आणि जुलैच्या सुरुवातीला 1317 वॅट. म्हणजे साडेसहा टक्के कमी. पण ही घट किती किरकोळ आहे ते पुण्याच्या आकाशावरून कळेल. जुलैच्या सुरुवातीला पुण्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून 85 अंशांहून वर असतो. जानेवारीत तो 49 अंशांच्या आसपासच चढतो, किरणं तिरपी पडतात आणि तेवढीच ऊर्जा जास्त जमिनीवर पसरते. जुलैचा दिवस सव्वातेरा तासांचा, जानेवारीचा अकरा तासांचा. हे सगळं धरून हिशेब केला, तर पुण्याच्या डोक्यावरच्या वातावरणाला ‘दूरच्या’ जुलैत दिवसभरात ‘जवळच्या’ जानेवारीपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त ऊर्जा मिळते. ऋतू घडवतो तो पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल. मंगळाची कक्षा जास्त लांबट आहे, तिथे अंतराचा प्रभाव खरोखर मोठा आहे. पृथ्वीची कक्षा मात्र जवळपास वर्तुळच आहे.

कुणी मेलबर्नला किंवा सिडनीला नातेवाईक असतील तर त्यांना विचारा. तिकडे जुलैत हिवाळा आणि जानेवारीत कडक उन्हाळा असतो. पृथ्वी एकच, त्या दिवशीचं तिचं अंतरही एकच, मग दोन गोलार्धांत उलटे ऋतू कसे? आणि सबंध पृथ्वीची सरासरी काढली तर जुलै हा जानेवारीपेक्षा पावणेचार अंशांच्या आसपास उबदार निघतो. उत्तर गोलार्धात जमीन जास्त आहे आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असतानाच सरासरीने सर्वांत गरम असते.

मग एवढी ऊर्जा मिळूनही महाराष्ट्रात जुलै गार का? याचं उत्तर पावसात आहे, आणि ते मला त्या मेसेजपेक्षा कितीतरी जास्त थक्क करणारं वाटतं. ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमीन तापवतं आणि जमीन हवेला. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कोरडी, आकाश निरभ्र. आलेली उष्णता तापमान वाढवण्यातच जाते आणि पुण्याचा पारा 38 अंशांपर्यंत चढतो. जुलैत बरंचसं ऊन ढगच वरच्या वर परतवतात. जे खाली पोचतं त्यातला मोठा वाटा ओल्या मातीतल्या, पानांवरच्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने 700 चौरस फुटांच्या घरातली सगळी हवा 10 अंशांनी तापली असती. ती उष्णता नाहीशी होत नाही. वाफेबरोबर वर जाते आणि वाफेचे थेंब होताना वरच्या हवेत मोकळी होते. ढग उंच वाढतात ते त्याच जोरावर. खाली आपल्याला मात्र 28 अंशांचा दिवस मिळतो.

याचा पडताळा घेण्यासाठी कुठल्याही यंत्राची गरज नाही. जुलैत पावसाने चार दिवस उघडीप दिली की लगेच उकाडा वाढतो, पंखे भरभर फिरू लागतात. विदर्भात मान्सून लांबला तर जूनच्या उत्तरार्धातही नागपूर चाळिशी ओलांडतं, आणि तेव्हा पृथ्वी जवळपास तितकीच दूर असते. अंतर तेच, पाऊस नाही, आणि गारवाही नाही.

‘कधी नव्हे एवढी थंडी’ हे तर मेसेज वाचणाऱ्याने स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहावं. पुण्यात जुलैच्या रात्री पारा 22-23 अंशांवर असतो, जानेवारीत 11-12 वर. जुलैत रात्रीसुद्धा ढग आणि बाष्प जमिनीतून निघणारी उष्णता शोषून काही खाली परत पाठवतात, म्हणून दिवस-रात्रीच्या तापमानात फार तर सहा अंशांचा फरक राहतो. जानेवारीत कोरडी, निरभ्र हवा ती उष्णता सहज निसटू देते. अंगाला जे गार वाटतं ते ओलसर वारा आणि न वाळलेल्या कपड्यांमुळे.

राहिला आजाराचा मुद्दा, आणि माझा राग इथे आहे. पावसाळ्यात आपल्याकडे फ्लूचे रुग्ण वाढतात हे खरं, पण फ्लू विषाणूमुळे होतो. याच महिन्यांत डेंग्यू आणि मलेरिया डासांमुळे वाढतात, आणि उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. या सगळ्यांची सुरुवात तापानेच होते. हा ताप ‘अफेलियन’चा आहे असं मानून घरी गोळ्या खात बसलेल्या माणसाची रक्ततपासणी लांबते, आणि डेंग्यू किंवा लेप्टोमध्ये ते दोन-तीन दिवस महागात पडू शकतात. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना ते पाण्यातून चालणं आवर्जून सांगा. उपचाराची दिशा त्यावरून ठरते.