अख्खा क्लास एका टेबलात

चिपळूण असो, दापोली असो की कुडाळ, शाळेच्या सभागृहात संध्याकाळी कराटेचा क्लास चालतो आणि क्लासच्या सरांच्या ओळखीत कॉम्प्युटर येणारं एक माणूस असतंच. ते माणूस म्हणजे तुम्ही. हजेरीच्या वहीची पानं सुटली, बेल्टच्या परीक्षांचे निकाल तीन वेगवेगळ्या डायऱ्यांत गेले, तेव्हा ‘जरा एक डेटाबेस करून द्या’ असं सर म्हणाले आणि मोबदला म्हणून हापूसची एक पेटी कबूल केली. पेटी मे महिन्यात येईल. तोवर काम उरकायचं असेल तर पुढचं नीट वाचा.

टेबल एकच करा. एडगर कॉड नावाच्या गृहस्थांनी आयबीएममध्ये असताना 1970 साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं. तेव्हापासून जाणती माणसं सांगत आली आहेत की विद्यार्थी एका टेबलात ठेवा, परीक्षा दुसऱ्यात, आणि कोण कोणत्या परीक्षेला बसला आणि त्याचं काय झालं हे तिसऱ्यात. कारण एक पोर अनेक परीक्षा देतं आणि एका परीक्षेला अनेक पोरं बसतात. सगळं खरं, पण जुलैत ज्या गावात लाइट येण्यापेक्षा जाण्यालाच जास्त वक्तशीर असते, तिथे तीन टेबलं जोडत कोण बसणार? दशावतार लिखित संहितेशिवाय रात्रभर चालतो, मग तुमच्याच डेटाबेसला स्किमाचं, म्हणजे टेबलांच्या आधी आखलेल्या आराखड्याचं, कौतुक कशाला? नाव, फोन, वय, बेल्ट, फी. झालं.

वयाच्या रकान्यात वयच लिहा, जन्मतारीख नको. जन्मतारखेवरून वय दरवेळी काढावं लागतं, तो कॉम्प्युटरला उगाच त्रास. आज अकरा लिहिलंत की पोरगा दहावीला गेला तरी अकराच वर्षांचा राहील, लहान गटात उतरेल आणि तालुक्याला पदक आणील.

बेल्टचा रकानाही एकच. पोरगं पास झालं की जुना रंग खोडायचा, नवा लिहायचा. परीक्षा कधी झाली, कुणी घेतली, कितव्या खेपेला पास झालं, हे साठवून करायचंय काय? पोराच्या कमरेला एका वेळी एकच बेल्ट असतो, तेव्हा डेटाबेसमध्येही एकच असू द्या. नापास झाल्याची नोंद तर मुळीच ठेवू नका. ती अख्ख्या वाडीला तोंडपाठ असते.

रंग मात्र अक्षरांत लिहा आणि यादी वर्णानुक्रमे लावा. मग काय गंमत होते बघा. काळा, केशरी, जांभळा, तपकिरी, निळा, पांढरा, पिवळा, हिरवा. काळा सगळ्यात आधी, हिरवा सगळ्यात शेवटी, आणि काल क्लासला आलेला पांढरा निळ्याच्या पुढे. दहा-बारा वर्षं घाम गाळून काळ्यापर्यंत पोचलेला माणूस आता हिरव्यापर्यंत चढायला मोकळा.

कुणी म्हणेल, रंग सोडा, आकडे घाला. अवश्य घाला, आकड्यांत तर आणखी वाव आहे. कराटेत क्यू, म्हणजे काळ्या बेल्टच्या आधीचे दर्जे, उलटे मोजतात. अनेक ठिकाणी दहाव्या क्यूपासून सुरुवात होते, माणूस चढत जातो आणि आकडा उतरत जातो, पहिल्या क्यूपर्यंत. तिथून काळा बेल्ट लागला की डॅन, म्हणजे काळ्या बेल्टचे दर्जे, सुरू होतात आणि ते सुलटे: पहिला, दुसरा, तिसरा. डॅनची पद्धत मुळात ज्युदोची. ज्युदोचे जनक कानो जिगोरोंनी 1883 साली ती सुरू केली आणि कराटेगुरू गिचिन फुनाकोशींनी 1924 मध्ये कराटेत पहिले डॅन दिले. बिचाऱ्यांना कुठे ठाऊक, की शंभर वर्षांनी मालवणात कुणी हे सगळं ‘लेव्हल’ नावाच्या एका रकान्यात कोंबणार आहे! पहिला क्यू म्हणजे 1 आणि पहिला डॅन म्हणजेही 1. तपकिरी बेल्टवाली नववीतली पोरगी आणि तिला शिकवणारा दादा आता बरोबरीचे. रकाना अंकांचा न ठेवता अक्षरांचा ठेवलात तर दुधात साखर, कारण मग 1 च्या मागोमाग 10 येतो आणि 2 त्याच्या नंतर.

दर्जांचं वेगळं टेबल करावं, प्रत्येक दर्जाला चढता अनुक्रमांक द्यावा, शैली कोणती तेही लिहावं, असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि विषय आंबोलीच्या धबधब्याकडे वळवा. शैली लिहिली तर फार घोळ होतो. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं मुंबईहून आजीकडे येतात, येताना कमरेला तिकडचा बेल्ट असतो, आणि तिकडच्या क्लासमध्ये निळा हिरव्याच्या आधी आहे की नंतर हे विचारायला गेलं की आजीच अंगावर येते, “माझ्या झिलाक ह्या टायमाक पुढचो बेल्ट गावतलो मां?” गावतलो, आजी. रकान्यात लिहायचा तर आहे.

आता पोरं ओळखायची कशी? त्यांना आपला असा स्वतंत्र क्रमांक देणं म्हणजे माणसाला आकडा करणं, आपल्या संस्कृतीत ते बसत नाही. नावच किल्ली करा, म्हणजे पोरगं कोणतं ते नावावरूनच ठरेल. ओंकार, ओमकार आणि ॐकार ही तीन वेगळी पोरं होतील, त्यातलं एक पिवळं, एक केशरी आणि एक कायमचं गैरहजर. उलट एकाच नावाचे दोन सावंत मिळून एक होतील आणि दोघांची फी एकदाच भरली जाईल. पालक तुम्हाला दुवा देतील. नावावर भरवसा नसेल तर फोन नंबर घ्या. बाबा बोटीवर, घरात फोन आईचा एकच, तीन भावंडं क्लासला. म्हणजे एका ओळीत तीन पोरं बसली, जागेचीही बचत.

गुणांचा भाग सरांच्या जिव्हाळ्याचा आहे, तिथे जपून. किहोन (मूलभूत हालचाली), काता (ठरलेल्या हालचालींची मालिका), कुमिते (जोडीदाराशी लढत) असे तीन रकाने करा आणि पोरगं एखाद्या भागाला हजर नसेल तर जागा रिकामी सोडा. रिकामं म्हणजे गैरहजर, की परीक्षकाने लिहिलंच नाही, की त्या बेल्टला तो भागच नव्हता, याची फोड करू नका. मग एसक्यूएलला, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेला, सरासरी काढायला सांगा. ते रिकाम्या जागा मोजतच नाही. ज्याने तिन्ही भाग देऊन 9, 7 आणि 6 मिळवले त्याची सरासरी 7.33. जो किहोनमध्ये 9 घेऊन ‘सर, पोटात दुखतंय’ म्हणत वडापावच्या गाडीवर गेला त्याची 9. पहिला नंबर त्याचा. पारितोषिक वितरणाला नगरसेवक बोलवायचे असतील तर त्याला आधी शोधून आणा.

परीक्षकांचं काय? आपल्याकडे संघटना फुटायला फार काही लागत नाही, बॅनरवरचा फोटो लहान आला तरी पुरतं. त्यामुळे आज बोलावलेले परीक्षक पुढच्या वर्षी समोरच्या गटात असतील. एवीतेवी परीक्षकांचं टेबल केलंच असेल, तर कॅस्केड डिलीट लावून ठेवा. भांडण झालं की सर त्यांचं नाव एका बटणात उडवतील, आणि नावाबरोबर त्यांनी आजवर घेतलेल्या सगळ्या परीक्षाही जातील. चाळीस पोरांचे बेल्ट हवेत. पोरं मात्र ते बांधूनच दारात उभी.

बॅकअप घ्या, पण त्याच कॉम्प्युटरवर, शेजारच्या फोल्डरमध्ये, आणि कॉम्प्युटर तळमजल्यावर खालच्या कप्प्यात ठेवा. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं हे बाजारपेठेतल्या कुणालाही विचारा, मग पेन ड्राइव्ह घरी माळ्यावर ठेवावासा वाटेल. तेवढा मोह आवरा.

एवढं सगळं जमवलंत की काही वर्षं कुणाची तक्रार यायची नाही. मग एक दिवस क्लासची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी ब्लॅक बेल्टच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन येईल. फॉर्ममध्ये प्रत्येक क्यू पास झाल्याची तारीख मागितलेली असेल, कारण दोन दर्जांमध्ये ठरावीक काळ जावा लागतो. तुमच्याकडे तिच्या नावापुढे एकच शब्द असेल: तपकिरी. सर म्हणतील, ती परीक्षा शिमग्यानंतर लगेच झाली. तिची आई म्हणेल, छे, गणपतीला मुंबईचे आले होते तेव्हा. घाबरू नका, दोन्ही तारखांची सरासरी काढा. ती जूनच्या अखेरीस येईल, आणि त्या वर्षी जूनमध्ये सभागृह गळत होतं म्हणून क्लास बंद होता. फॉर्मवर तीच घाला आणि कुणी विचारलंच तर सांगा, डेटाबेसमध्ये आहे.