खुलासा : मावळ्यांच्या अंगाच्या रंगात काळा मिसळू नका

दिवाळीच्या किल्ल्याच्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरायलाय, मावळ्याला सावळा रंग पायजे असंल तर रेडिमेड स्किन कलरमध्ये काळा अॅक्रेलिक टाका आन् उजेडाच्या जागी नुसता पांढरा लावा म्हणून. पाठवणाऱ्यानं चांगल्या मनानंच पाठवला असंल, पण हे चूक आहे.

स्किन कलरमध्ये पिवळेपणा असतो आन् पिवळ्यात काळा गेला की रंग हिरवट, राखेसारखा होतो. मी परवा दोन सारखेच शाडूचे मावळे रंगवून इथं परभणीत गच्चीवर उन्हात शेजारी ठेवले, काळ्यावाल्याचा चेहरा आजारी माणसासारखा दिसायला, गालावरचा पांढरा तर चुन्यावानी उठून आला. दुसऱ्याला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) दोन भाग, यलो ऑकर (मातकट पिवळा) एक भाग आन् पांढरा अगदी थोडा घेतला, तो आपल्या रानात राबणाऱ्या माणसासारखा जिवंत वाटतो. नाकाखाली, हनुवटीखाली सावलीला त्याच रंगात बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आन् काडीच्या टोकाएवढा अल्ट्रामरीन ब्लू घाला, उजेडाला पांढऱ्यासोबत ऑकर घ्याच.

आणखी एक, अॅक्रेलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, कारण ओला असताना त्यातलं बाइंडर, म्हंजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, दुधी असतं आन् वाळलं की पारदर्शक होतं, म्हणून आधी पुठ्ठ्यावर लावून वाळू द्या, मग पातळ दोन-तीन हात मारा, जाड थरात डोळे-ओठ बुजून जातात.

तो मेसेज कृपा करून पुढं पाठवू नका, पाठवला असंल तर त्याच ग्रुपवर हे टाका, लेकरं आत्ताच रंग आणायलेत.